छेदापूर्वीचा एक तास

कोपरी म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेची, रेल्वेचे रूळ आणि खाडी यांच्यामधली वस्ती. इथे कोणाला कर्करोगाचे निदान झाले की घरातल्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते परळच्या टाटा हॉस्पिटलचे. फाइल पिशवीत घालून, सकाळची लोकल पकडून माणसे तिथे जातात आणि डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ऑपरेशनने गाठ पूर्ण निघेल का? आणि दुसरा, जखम नीट भरेल ना? पहिल्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले-बोलले जाते. आज आपण दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहू. जखम चिघळू नये म्हणून अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक औषध कधी द्यावे, किती द्यावे आणि मुख्य म्हणजे कधी थांबवावे, हे समजायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षे लागली. समजलेले अंगवळणी पडायला त्याहून जास्त वर्षे लागत आहेत.

या गोष्टीची सुरुवात १९४१ सालच्या फेब्रुवारी महिन्यापासून करू. त्या महिन्याच्या १२ तारखेला इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचण्यात आले. चेहऱ्यावरून सुरू झालेला जंतुसंसर्ग त्याच्या अंगभर पसरला होता, एक डोळा काढावा लागला होता. औषध सुरू झाल्यावर ताप उतरला, माणूस जेवू लागला. पण औषधाचा साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून ते पुन्हा टोचले, तेही पुरले नाही. १५ मार्चला तो गेला. इकडे मुंबईत त्याच फेब्रुवारीच्या २८ तारखेला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे उद्घाटन गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते झाले. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी यांचेही निधन झाले. सर दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने हे रुग्णालय उभारले. पेनिसिलिनचा पहिला रुग्ण आणि आपल्याकडचे हे कर्करोग रुग्णालय यांच्यात अंतर आहे ते अवघ्या १६ दिवसांचे.

म्हणजे परळला कर्करोगाच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या तेव्हा तिथल्या सर्जनच्या हाती पेनिसिलिन नव्हते. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्ल वापरून जखमा स्वच्छ राखण्याची रीत सांगितली होती. तिच्यातून पुढे उकळलेली हत्यारे, धुतलेले हात, निर्जंतुक कपडे अशी सारी शिस्त तयार झाली होती. १९३५ नंतर सल्फा जातीची औषधे आली होती. एवढ्या सामग्रीवर डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारख्या सर्जननी तिथे काम केले. आज रुग्णालयाजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. तोंडाचा, स्तनाचा, आतड्याचा कर्करोग काढायचा तर शरीराचा मोठा भाग उघडावा लागतो, शस्त्रक्रिया तासन् तास चालते. अशा जखमेत पू झाला तर कितीही कुशल हातांनी केलेले काम वाया जाऊ शकते, हे त्या पिढीने रोज पाहिले असणार.

महायुद्धानंतर पेनिसिलिन आपल्याकडे मिळू लागले, पण ते परदेशातून यायचे. ते देशातच तयार व्हावे म्हणून १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तिला मदत केली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. पिंपरीच्या त्या कारखान्याने औषध सामान्य रुग्णालयांच्या आवाक्यात आणण्याच्या कामाला सुरुवात केली. न्यूमोनियाने, बाळंतरोगाने, साध्या खरचटण्यातून झालेल्या रक्तदोषाने माणसे पटापट जात होती, ती वाचू लागली. अशा औषधाविषयी लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही मनात अपार श्रद्धा निर्माण झाली तर नवल नाही. शस्त्रक्रिया झाली की पाच-सात दिवस इंजेक्शने द्यायची, टाके काढेपर्यंत चालू ठेवायची, ही पद्धत याच श्रद्धेतून पडली. कोणी मुद्दाम ठरवून ती घातली नव्हती. जास्त औषध म्हणजे जास्त संरक्षण, असा सरळ हिशेब होता.

पण हिशेब चुकत होता. १९५० च्या दशकात पाश्चात्त्य देशांतल्या सर्जननी आपापल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर अँटिबायोटिक देऊनही जखमा चिघळण्याचे प्रमाण फारसे कमी झालेले दिसेना. काही ठिकाणी तर औषध दिलेल्यांमध्येच संसर्ग अधिक आढळला. मग वैद्यकवर्तुळात दोन तट पडले. एक म्हणे, अँटिबायोटिक देणेच बंद करा. दुसरा म्हणे, आणखी तीव्र औषध द्या. खरा प्रश्न तिसराच होता आणि तो औषधाच्या वेळेचा होता.

तो प्रश्न नेमका विचारला जॉन बर्क या अमेरिकन सर्जनने. लंडनमध्ये ॲश्ली माइल्स यांनी असे दाखवले होते की, जंतू शरीरात शिरल्यानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात. बर्क यांनी हाच धागा पुढे नेला. गिनी पिगच्या कातडीत त्यांनी स्टॅफिलोकोकस जंतू टोचले आणि पेनिसिलिन वेगवेगळ्या वेळी दिले. काहींना आधी, काहींना सोबत, काहींना नंतर. १९६१ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. जंतू शिरण्यापूर्वी औषध रक्तात असेल तर जखम जवळजवळ होतच नाही. जसजसा उशीर होतो तसतसा उपयोग घटत जातो, आणि तीन तासांनंतर औषध दिले काय नि न दिले काय, फरक पडत नाही. आपल्याकडे अशा उशिराला ‘वरातीमागून घोडे’ म्हणतात. हेच बर्क पुढे १९८१ च्या सुमारास भाजलेल्या रुग्णांसाठी कृत्रिम त्वचा तयार करणाऱ्यांपैकी एक म्हणूनही नावाजले गेले.

असे का होते ते समजायला सोपे आहे. अँटिबायोटिक जखमेपर्यंत पोहोचते ते रक्तातून. सर्जन कातडीला छेद देतो तेव्हा बारीक रक्तवाहिन्या तुटतात, मग त्यांची तोंडे गोठलेल्या रक्ताने बंद होतात. याच वेळी कातडीवरचे, तोंडातले किंवा आतड्यातले जंतू जखमेत उतरतात. त्या क्षणी जखमेत झिरपणाऱ्या रक्तात औषध हजर असेल तर जंतू तिथेच मरतात. नसेल तर ते गोठलेल्या रक्ताच्या आड जाऊन बसतात, आणि नंतर आलेले औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. शस्त्रक्रिया लांबली तर मात्र रक्तातले औषध उतरत जाते. म्हणून सेफाझोलिनसारखे औषध दर चार तासांनी, किंवा बराच रक्तस्राव झाल्यास मध्येच, पुन्हा द्यावे लागते. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया लांब चालणाऱ्या असल्याने ही गोष्ट तिथे फार महत्त्वाची ठरते. टाके घालून जखम बंद झाली की बाहेरून जंतू शिरायची वाट बंद होते. त्यानंतरच्या डोसने जखमेला मिळणारे संरक्षण वाढत नाही.

प्राण्यांवर दिसले ते माणसांतही खरे ठरते का? १९६९ मध्ये हायरम पोक आणि त्यांच्या सहकाऱ्याने पचनमार्गाच्या शस्त्रक्रियांत हे तपासले. छेदाच्या अगदी आधी आणि नंतर काही तासांत मिळून मोजकेच डोस दिले, आणि जखमा चिघळण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. पुढे १९९२ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातील २,८४७ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छेदापूर्वीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के रुग्णांच्या जखमांत संसर्ग झाला. त्याहून लवकर, म्हणजे २ ते २४ तास आधी औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ३.८ टक्के होते, आणि छेदानंतर तीन तास उलटल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के. रुग्णालय एकच आणि औषध देण्याची इच्छाही सर्वांची तीच. तरी केवळ घड्याळाने पाच-सहा पटींचा फरक पडला.

एवढे स्पष्ट झाल्यावर पाच दिवसांची पद्धत संपायला हवी होती. ती संपली नाही. जगभर अनेक ठिकाणी ती चालू राहिली आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत तर तिने घट्ट मूळ धरले. याचे कारण अज्ञान असे सरसकट म्हणता येणार नाही. मोठे कारण भीतीचे आहे आणि भीती निराधार नाही. कर्करोगाचा रुग्ण आधीच खंगलेला असतो. किमोथेरपीने त्याच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, रेडिएशनने त्वचा आणि रक्तवाहिन्या अधू झालेल्या असतात. शिवाय मधुमेह असतोच. महाराष्ट्रात तंबाखू, मिश्री, गुटखा यांच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. जबड्याचा भाग काढून छातीच्या किंवा मांडीच्या मांसाने जागा भरायची, तर तोंडातल्या असंख्य जंतूंची मानेच्या उघड्या जखमेशी गाठ पडते. तिथे पू झाला की लाळ जखमेतून झिरपू लागते, लावलेले मांस निकामी होऊ शकते. सर्वांत वाईट म्हणजे पुढचे रेडिएशन लांबते. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावे असा आग्रह असतो, कारण उशीर झाला तर रोग परतण्याची भीती वाढते. जखमेतला पू असा थेट जगण्या-मरण्याशी जोडलेला आहे. अशा वेळी सर्जनच्या मनात येते, माझा रुग्ण वेगळा आहे, दोन दिवस जास्त दिलेले बरे.

या ‘माझा रुग्ण वेगळा आहे’ची रीतसर परीक्षा झाली ती हाडांच्या कर्करोगात. पायाच्या हाडातली गाठ काढून तिथे धातूचा मोठा सांधा बसवतात. त्यात संसर्ग झाला तर सांधा काढावा लागतो, कधी पायच कापावा लागतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या मिशेल गर्ट यांच्या पुढाकाराने १२ देशांतल्या ४८ केंद्रांत ६०४ रुग्णांवर एक चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला शस्त्रक्रियेनंतर एक दिवस अँटिबायोटिक, दुसऱ्याला पाच दिवस. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पाच दिवसांच्या गटात १५ टक्के रुग्णांना संसर्ग झाला, एक दिवसाच्या गटात १६.७ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने या दोहोंत फरक नाही. औषधामुळे होणारे त्रास मात्र पाच दिवसांच्या गटात ५.१ टक्के आणि एक दिवसाच्या गटात १.६ टक्के होते, म्हणजे तिपटीहून जास्त. या निकालाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. दोन्ही गटांत साधारण दर सहा-सात रुग्णांमागे एकाला संसर्ग झालाच. म्हणजे धोका खरा होता, सर्जनची भीतीही खरी होती. तिच्यावर काढलेला तोडगा तेवढा कुचकामी होता.

जास्तीचे औषध नुसते वाया गेले असते तरी एक वेळ चालले असते. पण ते रुग्णाच्या शरीरातले साधे जंतू मारते आणि दाद न देणाऱ्या जंतूंना मोकळे रान देते. मुंबईला याची जाणीव फार जवळून झाली. हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात तिथे सापडलेले, कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांतल्या २२ जंतूंत एनडीएम-१ हा प्रतिकारक घटक निघाला. हा अहवाल मार्च २०१० मध्ये भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी पुढे या घटकावरून देशाची बदनामी झाली की नाही, यावर वर्तमानपत्रांत मोठा वाद रंगला. नावाचा वाद कालांतराने विरला, जंतू राहिले. केंद्र सरकारने ‘एच-१’ ही वेगळी सूची काढून १ मार्च २०१४ पासून अनेक अँटिबायोटिकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांना बंधनकारक केले. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडाही आला.

कर्करोगाच्या रुग्णाला हा धोका इतरांपेक्षा अधिक का? कारण त्याची अँटिबायोटिकची खरी गरज पुढे उभी असते. शस्त्रक्रियेनंतर त्याला किमोथेरपी मिळते, पांढऱ्या पेशी उतरतात आणि एखाद्या रात्री १०२ ताप चढतो. त्या रात्री पहिल्या काही तासांत योग्य अँटिबायोटिक मिळाले आणि ते लागू पडले तरच माणूस वाचतो. शस्त्रक्रियेनंतर ‘असू द्या’ म्हणून दिलेल्या डोसांनी त्या रात्रीचे औषध बोथट करून ठेवले असेल तर? हे ठेवीतले पैसे आधीच मोडून खाण्यासारखे आहे.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले की, छेदापूर्वीच्या दोन तासांत औषध द्या आणि शस्त्रक्रिया संपल्यावर ते प्रतिबंध म्हणून लांबवू नका. तोंड-घशाच्या मोठ्या शस्त्रक्रियांत तज्ज्ञ चोवीस तासांपर्यंत मुभा देतात, त्यापुढे नाही. त्याआधी २००८ मध्ये याच संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली होती. छेद देण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबायचे आणि मोठ्याने विचारायचे, ‘गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिले का?’ या एका प्रश्नात मोठे शहाणपण आहे. पूर्वी सकाळी सातला वॉर्डातली सिस्टर इंजेक्शन देऊन मोकळी व्हायची आणि रुग्णाचा नंबर अकराला लागायचा. औषध दिल्याची नोंद कागदावर असायची, पण छेदाच्या वेळी रक्तात औषध उतरलेले असायचे. दोष कोणा एकाचा नसायचा आणि जबाबदारीही कोणा एकाची नसायची. आता अनेक रुग्णालयांत हे काम भूलतज्ज्ञाकडे सोपवलेले असते. ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देतानाच इंजेक्शन जाते. दुसऱ्या दिवशी औषध आपोआप बंद होईल अशी छापील सूचना केसपेपरवर असते, आणि ते चालू ठेवायचे तर कारण लिहावे लागते. नवे औषध नाही, महाग यंत्र नाही. घड्याळ, कागद आणि विचारण्याची सवय एवढ्यावर ही सुधारणा उभी आहे.

अर्थात लांबलेला कोर्स कित्येकदा दुसऱ्याच गोष्टींची उणीव झाकत असतो. थिएटरमधल्या हवेची, हात धुण्याच्या पाण्याची, निर्जंतुकीकरणाची खात्री नसली की औषधाचा आधार वाटतो. पण ती खात्री इंजेक्शनने येत नाही. आदल्या दिवशी अंघोळ, केस वस्तऱ्याने न भादरता गरज असेल तरच क्लिपरने काढणे, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणे, शस्त्रक्रियेच्या वेळी शरीर थंड पडू न देणे, खंगलेल्या रुग्णाला आधी पोटभर सकस अन्न देणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी जखमेला वाचवतात. लिस्टरची शिस्त जुनी झालेली नाही.

आज हा विषय परळपुरता राहिलेला नाही. २०१२ मध्ये टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झाले आणि आता देशभरातली तीनशेहून अधिक रुग्णालये व संस्था त्यात आहेत. उपचार घराजवळ मिळावेत हा त्यामागचा एक हेतू. ठाण्यातही बाळकुम येथे २०२३ मध्ये कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन झाले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या खासगी रुग्णालयांत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या आहेत. कोपरीतल्या रुग्णाची लोकलमधली दगदग त्यामुळे वाचेल. पण कुशल सर्जन आणि यंत्रे घराजवळ येतात, तेव्हा छेदापूर्वीच्या तासाची ही शिस्तही सोबत यायला हवी. ती इमारतीबरोबर आपोआप येत नाही.

आणि यात आपलाही वाटा आहे. एवढे मोठे ऑपरेशन झाले आणि घरी जाताना अँटिबायोटिकची एकही गोळी दिली नाही, तर नातेवाइकांना चुकल्यासारखे वाटते. कोणी तरी जाऊन मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर पट्टी घेऊन येतो. तसे करू नये. त्याचप्रमाणे जखमेत खरोखर संसर्ग झाला आणि डॉक्टरांनी दहा दिवसांचे औषध लिहून दिले, तर बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने मध्येच सोडूही नये. संसर्ग होऊ नये म्हणून दिलेले औषध वेगळे आणि झालेल्या संसर्गावरचा उपचार वेगळा. आपल्याला दिलेले औषध यांतले कोणते, हे डॉक्टरांना सरळ विचारावे. शस्त्रक्रियेच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ‘अँटिबायोटिक कधी देणार आणि कधी थांबवणार?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. उत्तर तयार असेल तर त्या थिएटरमध्ये घड्याळाकडे कोणाचे तरी लक्ष आहे, एवढे नक्की समजावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)